अण्णांना घेऊन पिक्चरला जाताना

शनिवारी पिक्चर असेल तर अण्णांची पँट शुक्रवारी रात्रीच इस्त्री होऊन खुंटीला लागलेली असते. वय ८१, गुडघे कुरकुरतात, कानांनी तर कापडगिरणीत असतानाच साथ सोडली. तरी महिन्यातून एक पिक्चर, तोही थेटरात, हा आम्हा बापलेकीचा नेम आहे. मी दादरला एका पतपेढीत काम करते. तिथे सगळे विचारतात, "घरी एवढा मोठा टीव्ही आहे, मग त्या म्हाताऱ्या माणसाला कशाला दगदग?" त्यांना तुकड्यातुकड्याने जे सांगत आले, ते एकदा नीट लिहून काढते. ज्यांचं थिएटरात जाणं मधल्या वर्षांत सुटलं आणि आता घरातल्या वयस्कर माणसाला घेऊन पुन्हा सुरू करायचं आहे, त्यांच्या उपयोगी पडेल.

आधी वार ठरवा, पिक्चर नंतर. "चांगला लागला की जाऊ" म्हणणारे कधीच जात नाहीत, हे मी पंधरा वर्षं आमच्याच घरात बघितलं. आमचा दुसरा शनिवार ठरलेला. त्या दिवशी पाहुणे येणार नाहीत, गॅसवाला आला तर शेजारी सिलिंडर घेतील, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पिक्चर शुक्रवारी बदलतात, म्हणून गुरुवारी रात्री नाही तर शुक्रवारी सकाळी वेळा बघायच्या. मराठी पिक्चर असेल तर पहिल्याच आठवड्यात जा. दुसऱ्या आठवड्यात त्याचे शो कमी होतात, उरतो तो एखादा रात्री उशिराचा नाही तर शहराच्या दुसऱ्या टोकाचा. "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणून आमचे दोन चांगले पिक्चर हातचे गेले, त्याची हळहळ मला अजून आहे.

वेळ दुपारची घ्या, साडेबारा-एकच्या आसपासची. सकाळची औषधं, नाश्ता, आंघोळ घाई न करता उरकते. पिक्चर सुटतो तेव्हा चार वाजायचे असतात, म्हणजे दादर स्टेशनची संध्याकाळची गर्दी चुकते. तिकीटही संध्याकाळपेक्षा स्वस्त पडतं. सकाळचा शो असेल आणि त्यातही मधला वार, तर आणखी स्वस्त. शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के आहे, त्याच्यावर गेलं की अठरा. साधं थिएटर आणि सकाळची वेळ धरली की हा फरकही खिशाला कळतो. राष्ट्रीय सिनेमा दिवस नावाचा एक दिवस अलीकडे काही वर्षं झाला. २०२२ साली त्या दिवशी तिकीट ७५ रुपये होतं, २०२३ आणि २०२४ ला ९९. जाहीर झाला की लगेच तिकिटं काढायची, पण म्हाताऱ्या माणसाला त्या दिवशी नेऊ नका. धक्काबुक्की असते.

तिकीट मोबाइलवर निघतं, वर थोडे पैसे जास्त लागतात. मी जमेल तेव्हा पतपेढीतून सुटल्यावर खिडकीवर जाऊन काढते. कारण पैसे नाहीत, कारण खिडकीतल्या माणसाला प्रश्न विचारता येतात. दारातून आत गेल्यावर पायऱ्या चढायच्या आहेत की उतरायच्या? कुठल्या रांगेपर्यंत पायरी न चढता जाता येतं? एसीचा झोत कुठल्या बाजूला येतो? लिफ्ट त्या मजल्याला थांबते ना? मोबाइलच्या चौकोनात सगळ्या खुर्च्या सारख्याच दिसतात. खिडकीतला माणूस वर्षानुवर्षं तिथे असतो, त्याला सगळं पाठ असतं. "वडील आहेत, काठी आहे" एवढं सांगितलं की तो स्वतःच म्हणतो, "ताई, ही नको, ती घ्या."

खुर्चीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण निम्मा पिक्चर खुर्चीवर असतो. पडद्यापासून मागे जात दोन तृतीयांश अंतरावर आणि आडवं बघितलं तर मधोमध, ही सगळ्यात चांगली जागा. पिक्चरच्या आवाजाची जुळणी करणारी माणसं साधारण तिथेच बसून कामं करतात, म्हणून त्यांना जे ऐकू आलं तेच आपल्याला येतं. अण्णांसाठी मात्र मी दोन रांगा पुढे सरकते आणि मधल्या वाटेजवळची खुर्ची घेते. पाय पसरायला मिळतात, मध्ये उठावं लागलं तर कुणाच्या गुडघ्यांवरून जावं लागत नाही. भिंतीकडेची खुर्ची फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिथे एकाच बाजूचा स्पीकर कानावर आदळतो.

आता अण्णांच्या कानांची गोष्ट, कारण आमचं सगळं पिक्चरला जाणं तिच्यावर उभं आहे.

अण्णा साचेखात्यात होते, म्हणजे जिथे कापडाचे माग चालतात तिथे. शेकडो साचे एका वेळी चालायचे, त्यात शेजारच्या माणसाची हाक ऐकू यायची नाही. सगळे ओठांवरून आणि हातवाऱ्यांवरून बोलायचे. वीस वर्षांत कान गेले, पण डोळे ओठ वाचायला शिकले. पहिली पाळी सुटली की घरी यायचं, डोक्यातला कापूस धुवून काढायचा आणि सहाच्या शोला भारतमाताला जायचं, असं पगाराच्या आठवड्यात ठरलेलं. गिरण्यांच्या मधोमध, गिरणीच्याच जमिनीवर उभं असलेलं ते थेटर. तिथे निम्मे प्रेक्षक एकमेकांना खात्याच्या नावानिशी ओळखायचे. रीळ तुटलं की शिट्ट्या, पुन्हा जुळलं की टाळ्या. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि आमच्या घरातला पिक्चर बंद झाला. पैसे नव्हते. पुढे मी नोकरीला लागले, पैसे आले, तोवर सवय गेली होती.

घरी टीव्हीवर अण्णा पिक्चर बघतात तेव्हा आवाज इतका मोठा लागतो की खालच्या मजल्यावरून निरोप येतो. तरीही दर पाच मिनिटांनी, "काय म्हणाला गो तो?" आपण सांगेपर्यंत पुढचं वाक्य गेलेलं. विनोद झाला की आम्ही हसतो, अण्णा आमच्या तोंडाकडे बघतात आणि मग हसतात. हे मी कित्येक वर्षं बघत होते आणि त्यात काही वेगळं आहे असं मला वाटलंच नव्हतं.

काही वर्षांपूर्वी त्यांना दादरच्या प्लाझा थेटरात एका मराठी पिक्चरला घेऊन गेले. मध्यंतरापर्यंत ते मला एकदाही काही विचारायला वळले नाहीत. मला वाटलं, झोपले. वाकून बघितलं तर पुढे सरकून बसलेले, दोन्ही हात काठीवर, डोळे पडद्यावर. पडद्यावर सासरा जावयाला काहीतरी तिरकस बोलला आणि सगळं थिएटर हसलं. अण्णाही हसले. सगळ्यांच्या बरोबर, त्याच क्षणी. माझ्या तोंडाकडे न बघता.

याचं कारण मी नंतर शोधून काढलं. थिएटरचा पडदा अखंड नसतो, त्याला हजारो बारीक भोकं असतात आणि मुख्य स्पीकर पडद्याच्या मागे असतात. माणसांचं बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतं, म्हणजे ज्या चेहऱ्याकडे आपण बघतो त्याच दिशेने. चपट्या टीव्हीचे स्पीकर पुष्कळदा खाली नाही तर मागच्या बाजूला तोंड करून असतात, आवाज भिंतीला आपटून येतो. आणि दुसरं, अण्णांच्या दृष्टीने जास्त मोठं कारण: पडद्यावर ओठ हातभर दिसतात. अर्धं कान, अर्धं डोळे, असं करून त्यांचं वाक्य पूर्ण होतं.

हे मला अगदी पक्कं कळलं ते एका चुकीमुळे. दक्षिणेकडचा एक गाजलेला पिक्चर हिंदीत आला होता, सगळीकडे त्याचंच नाव. मी तिकिटं काढली. मध्यंतरात अण्णा गप्प. वडा पुढे केला, नको म्हणाले. घरी आल्यावर हात धुताना एवढंच म्हणाले, "त्यांचे ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच." पावणेतीन तास ते ओठ वाचत होते आणि एकही शब्द जुळत नव्हता. आवाजही इतका मोठा की दोन दिवस डोकं धरलं होतं. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांनी मध्ये उठून जाऊया म्हटलं नव्हतं. मी हौसेने आणलंय म्हणून बसून राहिले होते. तेव्हापासून नियम केला: ऐकायला कमी येणाऱ्या माणसाला भाषांतरित आवाजाचा पिक्चर दाखवायचा नाही, मारामारीचा तर नाहीच. ज्यात घर आहे, माणसं समोरासमोर बसून बोलतात, असा पिक्चर शोधायचा. आणि मध्यंतरात विचारायचं, "अण्णा, थांबायचं की निघायचं?" उत्तर काहीही आलं तरी चेहरा पाडायचा नाही.

कानाचं यंत्र वापरत असतील तर निघण्याआधी घरीच त्याची बॅटरी बघा आणि खुर्चीत बसल्यावर आवाज थोडा कमी करा. घरचा आवाज थिएटरात फार होतो.

मध्ये खूप वर्षं गेली असतील तर सुरुवात ओळखीच्या पिक्चरने करा. मुंबईत याची सोय आहे. मुंबई सेंट्रलला मराठा मंदिर आहे, १९५८ सालचं. तिथे 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' २० ऑक्टोबर १९९५ ला लागला आणि करोनाच्या काळातली बंदी सोडली तर सकाळच्या खेळाला चालतच राहिला. तिकीट अगदी थोडक्यात. तिथे येणाऱ्या बऱ्याच जणांना संवाद तोंडपाठ असतात, त्यामुळे एखादं वाक्य सुटलं तरी माणूस हरवत नाही. ज्याला वाटतं की आता आपल्याला काही कळायचं नाही, त्याला पहिल्यांदा अशा ठिकाणी न्यावं. माझ्या मैत्रिणीने तिच्या सासूबाईंना तिथूनच सुरुवात करून दिली. आता सासूबाईच शुक्रवारचा पेपर आधी उघडतात.

घरून निघताना पोटभर खाऊन निघा. मॉलमधल्या थिएटरांत बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, आतलं महाग. अण्णांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत, रिकाम्या पोटी बसवून चालत नाही. आम्ही दादरला असलो तर आधी आस्वादमध्ये थालीपीठ आणि ताक, मग पिक्चर. पिशवीत औषधं, पातळ शाल आणि पायमोजे ठेवते. शाल सगळेच नेतात. पायमोजे कुणाला सुचत नाहीत आणि एसीत वयस्कर माणसाची पहिली पावलंच गार पडतात. एवढं एक लक्षात ठेवा.

वेळेच्या वीस मिनिटं आधी आत जा, दिवे लागलेले असताना. उन्हातून एकदम अंधारात गेलं की तरण्या डोळ्यांनाही दिसत नाही, म्हाताऱ्या डोळ्यांना तर सरावायला कितीतरी वेळ लागतो. पायऱ्या तेव्हाच चुकतात. शिवाय आपल्याकडे पिक्चरच्या आधी राष्ट्रगीत होतं. अण्णांना त्याला ताठ उभं राहायचं असतं, काठी खुर्चीला टेकवून. धावतपळत येऊन धापा टाकत उभं राहिलेलं त्यांना आवडत नाही.

मोबाइल बंद करा. नुसता मुका नको, बंदच. निघण्याआधी घरात सांगा की चार वाजेपर्यंत मी मिळणार नाही. पहिल्या वेळी हात शिवशिवतो, दुसऱ्या वेळेपासून बरं वाटायला लागतं. मी रोज दहा तास लोकांच्या पासबुकांत आणि तक्रारींत असते. घरी टीव्ही बघायला बसले की कुकरची शिट्टी होते, बेल वाजते, पिक्चर थांबवायचं बटण हातात असतं, म्हणून कुणीही थांबवतं. थिएटरात तो कुणासाठी थांबत नाही. अडीच तास मला कुणी काही मागू शकत नाही आणि मीही उठून कुणाला काही देऊ शकत नाही. अशी सक्तीची बैठक मला आता फक्त देवळात आणि थिएटरात मिळते.

अंधाराचाही एक उपयोग आहे. आई गेली त्या वर्षी घरी सगळ्यांसमोर मला रडता आलं नव्हतं, कारण मी रडले की अण्णा खचायचे. एका साध्याशा पिक्चरमध्ये म्हातारी बाई भांडी घासताना गुणगुणते असं दृश्य होतं, तिथे मला जे आलं ते आलं. शेजारी कोण आहे हे बघायला कुणी वळलं नाही. मागच्या रांगेत आणखी एक बाई नाक ओढत होती. आमची ओळख झाली नाही, होण्याची गरजही नव्हती. अण्णांनी अंधारात शालीचं एक टोक माझ्या मांडीवर टाकलं, बस.

मध्यंतराबद्दल एकच. दिवे लागायच्या जरा आधी उठा, नाही तर बायकांच्या रांगेतच सगळा वेळ जातो. पुरुषांसाठी थिएटरातला राखणदार भला माणूस असतो, त्याला सांगितलं की वडिलांना दारापर्यंत सोडतो. खायचं काही घेणार असाल तर एकाने रांगेत जावं, दुसऱ्याने म्हाताऱ्या माणसाजवळ थांबावं.

नातवंडं सोबत असतील तर तिकीट काढण्याआधी सेन्सॉरचा दाखला बघा. आता यूए, म्हणजे मुलांनी मोठ्यांच्या देखरेखीखाली बघायचा, या दाखल्यामध्येच सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग केले आहेत, त्यावरून चटकन कळतं. अगदी लहान मुलाला पहिल्यांदा नेताना वाटेजवळ बसा आणि त्याला कंटाळा आला की बिनदिक्कत बाहेर पडा.

पिक्चर संपला की लगेच उठू नका. नावं वर जाऊ द्या, पूर्ण दिवे लागू द्या, गर्दी पुढे जाऊ द्या. अण्णा नावं वाचत बसतात. प्रकाशयोजना कुणाची, कपडे कुणाचे. "एवढी माणसं राबली," म्हणतात. खात्यात काम केलेल्या माणसाला खाती दिसतात.

वर्षातून एकदा तरी लांबचं थिएटर निवडा. आम्ही एकदा रीगलला गेलो, कुलाब्याला. १९३३ सालचं, एकच मोठा पडदा. आधी टॅक्सी चर्चगेटवरून घ्यायला लावली. तिथे इरॉस दिसतं, १९३८ सालचं. मधे बंद होतं, २०२४ मध्ये आतून नवं होऊन पुन्हा उघडलं. अण्णा काचेतून बघत म्हणाले, "हे आम्ही बाहेरूनच बघायचो. आतली तिकिटं आमची नव्हती." ही दोन्ही थिएटरं ज्या जुन्या इमारतींच्या पट्ट्यात आहेत, त्याला २०१८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला. पिक्चरनंतर मी त्यांना जवळच काळा घोडा भागात नेलं. तिथे वॉटसन हॉटेलची जुनी इमारत आहे. ७ जुलै १८९६ ला फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची चित्रं तिथे दाखवली, तिकीट एक रुपया, आणि आपल्या देशात पडद्यावर हलती चित्रं पहिल्यांदा दिसली ती तिथे. पुढे दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये लागला. आपल्या देशातला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये, तेही गिरगावातच. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एक रुपया? तेव्हाचा?" मग टॅक्सीत बसेपर्यंत तेव्हा एका रुपयात काय काय यायचं याचा हिशोब करत होते.

प्लाझाला मात्र आम्ही पुन्हा पुन्हा जातो. व्ही. शांतारामांचं थिएटर. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत तिथे माणसं गेली, इमारतीची दशा झाली, तरी ते पुन्हा उभं राहिलं आणि मराठी पिक्चर लागत राहिले. त्या दुपारी मी दादरलाच होते, तो आवाज मी ऐकला आहे. दारातून आत जाताना अजून एकदा वर बघते.

शेवटचं काम घरी परतताना करायचं. सरळ घरी जाऊ नका. कुठेतरी अर्धा तास बसा, आम्ही शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसतो. पिक्चरबद्दल आपण आधी बोलायचं नाही, त्यांना बोलू द्यायचं. अण्णा पहिली दहा मिनिटं गप्प असतात, काठीने मातीत रेघा ओढतात. मग सुरू होतात. गोष्ट पहिल्यापासून सांगतात, मी पाहिलीच नाही असं समजून. कोण काय बोललं ते हातवाऱ्यांसकट, साचेखात्यात बोलायचे तसे, ओठ मोठे करून. मी ऐकत असते. कधी कधी त्यांची गोष्ट मूळ पिक्चरपेक्षा थोडी वेगळी असते, मी दुरुस्त करत नाही.

या महिन्याचा दुसरा शनिवार परवा आहे. अण्णांनी सकाळीच पेपरातली जाहिरात फाडून, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवली आहे. पाऊणचा शो आहे आणि पायमोजे अजून वाळायचे आहेत.